ही खिडकी नव्हे

माणसाला प्रश्न पडतो यात विशेष असे काही नाही. मला पडतात, तुम्हाला पडतात, आणि आमच्या हिला तर पोळ्या लाटता लाटताही पडतात. खरी पंचाईत त्याच्यापुढची आहे. पडलेला प्रश्न उचलून न्यायचा कुणाकडे? दात दुखला तर दातांच्या डॉक्टरकडे जावे एवढे शहाणपण आपल्याला असते. पण दात आणि कान यांच्या मधोमध कुठेतरी ठणकायला लागले, की माणूस दोन्ही दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवतो आणि दोन्हीकडे एकच उत्तर ऐकतो, "हे आमच्याकडचं नाही हो!"

या विषयावर बोलायचा मला थोडाफार अधिकार आहे. एका कचेरीत (नाव सांगत नाही, कारण माझे पेन्शन तिथूनच येते) मी अकरा वर्षे 'चौकशी' अशी पाटी असलेल्या खिडकीत बसत होतो. त्या अकरा वर्षांत मी सर्वांत जास्त वेळा उच्चारलेले वाक्य म्हणजे "ही खिडकी नव्हे." देवाचे नावही मी इतक्या वेळा घेतलेले नाही. चौकशीच्या खिडकीवर चौकशी करायची नसते, ती पुढच्या खिडकीकडे ढकलायची असते, हे तत्त्व माझ्याआधी त्या खुर्चीत बसणाऱ्या गृहस्थांनी चार्ज देतानाच मला समजावून सांगितले होते. लोक मला वचकून असत आणि, खोटे कशाला बोलू, मला ते आवडत असे.

पण दैव मोठे मिस्किल असते. निवृत्त झालो आणि मी खिडकीच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभा राहिलो. पलीकडे बसला होता माझा सख्खा भाचा.

हा भाचा पुण्याला 'कॉम्प्युटरमध्ये' असतो. आमच्या घराण्यात 'कॉम्प्युटर' या शब्दाची व्याख्या फार उदार आहे. ज्याला वायर आहे आणि ज्यावर लाल किंवा हिरवा दिवा लागतो, ते सगळे कॉम्प्युटर. त्यामुळे टीव्हीला चित्र आहे पण आवाज नाही, लाव फोन भाच्याला. इन्व्हर्टर टिंव टिंव करतोय, लाव फोन. प्रिंटरने कागद गिळला, मिक्सरमधून वास येतोय, शेजारच्या काकूंच्या मोबाईलवरचे फोटो गेले, लाव फोन. एका भाऊबीजेला तर त्याच्या मावसबहिणीने निरांजन बाजूला ठेवून आधी आपला मोबाईल त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "हे बघ जरा, मग ओवाळते."

शेवटी एक दिवस त्याने मला समोर बसवले.

"मामा," तो म्हणाला, "मी प्रोग्रॅम लिहितो. यंत्राने काय करायचं ते यंत्राला समजेल अशा भाषेत लिहून देतो. प्रिंटर दुरुस्त करत नाही. कवीकडे कुणी झरणी दुरुस्तीला नेतं का?"

"कवी रिकामा असेल तर न्यायला हरकत नाही," मी म्हणालो.

तो हसला नाही. मग त्याने मला त्यांच्या धंद्यातली चाळणी समजावून सांगितली. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यापुढे कुठला प्रश्न आणावा आणि कुठला आणू नये, याची ही मंडळी फार बारकाईने छाननी करतात म्हणे. पहिले छिद्र असे, की प्रश्न प्रोग्रॅम लिहिण्याचा आहे की यंत्र वापरण्याचा? वापरण्याचा असेल तर तो दुकानदाराचा किंवा मेकॅनिकचा. दुसरे, त्या प्रश्नाला उत्तर आहे की नुसतेच मत? 'अमक्या प्रोग्रॅममध्ये भागाकार का चुकतो' याला उत्तर असते. 'कुठली प्रोग्रॅमिंग भाषा सर्वांत चांगली' हा प्रश्न आमटीत गूळ घालावा की नाही या जातीचा. त्यावर रात्रभर भांडता येते, सकाळी उठून पाहावे तर गूळ डब्यातच. तिसरे, विचारणाऱ्याने स्वतः काय खटपट केली? काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं, ही तीन वाक्ये त्याने आणलीच पाहिजेत. 'चालत नाही' हे वाक्य तिथे चालत नाही. आणि चौथे, चूक दाखवणारा छोट्यात छोटा नमुना हवा. दहा हजार ओळी पुढ्यात टाकून 'यात कुठेतरी चूक आहे, बघा' म्हणणे म्हणजे अख्खे कुटुंब डॉक्टरपुढे उभे करून 'यांच्यातल्या एकाला ताप आहे, ओळखा' म्हणण्यासारखे.

मला हे ऐकून भरून आले. माझ्या अकरा वर्षांच्या तपश्चर्येला शास्त्राचा आधार आहे हे मला आजवर कुणी सांगितलेच नव्हते.

त्याच्या टेबलावर एक पिवळे रबरी बदक होते. मला वाटले, त्याच्या मुलीचे असेल. पण ते त्याचे स्वतःचे निघाले. १९९९ साली निघालेल्या 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर' या पुस्तकात अशा बदकाचा उल्लेख आहे. प्रोग्रॅम अडला की आपली अडचण दुसऱ्या माणसाला विचारण्याआधी बदकाला ओळीन् ओळ समजावून सांगायची. बदक काही बोलत नाही. पण नीट सांगता सांगता आपली चूक आपल्यालाच दिसते. मी म्हटले, यात नवीन ते काय? आमची आई रोज संध्याकाळी गणपतीपुढे बसून हेच करत असे. फरक इतकाच, की उत्तर सापडल्यावर ती गणपतीला मोदक द्यायची. बदकाला काही मिळत नाही.

प्रश्न कसा आणावा याचा त्याने मला एक दाखलाही दिला. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, लिंचबर्गच्या कॉलेजात टॉमस नाइसली नावाचे गणिताचे प्राध्यापक होते. ११ आणि १३, १७ आणि १९ अशा ज्या जुळ्या मूळ संख्या असतात, त्यांवर ते कॉम्प्युटरने हिशेब करत होते. १९९४ साली त्यांच्या लक्षात आले की भागाकार दशांशचिन्हाच्या पुष्कळ पलीकडे कुठेतरी चुकतो आहे. आपल्यासारखा माणूस म्हणाला असता, 'जाऊ दे, तिथवर कोण बघतंय?' या गृहस्थांनी आधी स्वतःचा प्रोग्रॅम तपासला. मग तो यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर तपासला. मग यंत्राचा मदरबोर्ड. एकेकाला निर्दोष सोडत सोडत ते शेवटी आतल्या पेंटियम चिपपर्यंत पोचले आणि ऑक्टोबरात त्यांनी ती बनवणाऱ्या इंटेल कंपनीला विचारले. चूक चिपमध्येच होती. कंपनीला पुढे चिपा बदलून द्याव्या लागल्या आणि त्या प्रकरणापायी ४७ कोटी ५० लाख डॉलर खर्ची टाकावे लागले.

"बघ मामा," भाचा म्हणाला, "प्रश्न विचारायच्या आधीच तो कुणाचा आहे हे त्यांनी सिद्ध केलं होतं."

मी मान डोलावली आणि विचारले, "बरं, ते मिक्सरचं काय?"

असो. आता मुख्य गोष्टीकडे येतो. त्याचे असे झाले, की आमच्या सोसायटीत सभासद बावीस आणि गाड्या ठेवायच्या जागा पंधरा. सोसायटी स्थापन झाली त्या वर्षी कुणीतरी ठरवून टाकले की जागा आडनावांच्या अकारविल्हे यादीप्रमाणे द्यायच्या. पहिल्या पंधरांना जागा, उरलेल्या सातांनी रस्त्यावर देवाच्या भरवशावर. यादी एका जाड वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलेली होती आणि तिच्यात माझा नंबर पंधरावा. या पंधराव्या नंबरावर माझी स्कूटर गेली कित्येक वर्षे सुखाने उभी आहे. ती आता बहुतेक उभीच असते, ही गोष्ट वेगळी.

यंदा नव्या सेक्रेटरींनी ती वही कॉम्प्युटरमध्ये घातली, एक बटण दाबले आणि यादी लावून नोटीस बोर्डावर चिकटवली. मी पाहिली. माझा नंबर सोळावा!

घर विकून कुणी गेले नव्हते, कुणी नवीन आले नव्हते. मग हा एक नंबर आला कुठून? शोध घेतल्यावर कळले. आमच्याकडे एका सभासदांचे आडनाव 'क्ष'ने सुरू होते. (संपूर्ण आडनाव सांगत नाही. त्यांना आधीच पुष्कळ सोसावे लागले आहे.) वहीत ते बाविसावे, म्हणजे अगदी शेवटी होते. आपण पाटीवर शिकलो तेच, ह, ळ, क्ष, ज्ञ. पण कॉम्प्युटरने त्यांना उचलून 'क'वाल्यांच्या शेपटाला, 'ख'च्या आधी, सहाव्या नंबरावर बसवले होते. त्यामुळे सहाव्यापासून चौदाव्यापर्यंतचे सगळे एकेक पायरी खाली उतरले. पण उतरूनही पंधराच्या आतच राहिले. एकटा मी तेवढा उंबरठ्याबाहेर.

मी सभेत उभा राहिलो. पार्किंगचे मी नावसुद्धा काढले नाही. मी मराठीच्या रक्षणासाठी उभा राहिलो. आपल्या वर्णमालेचा क्रम यंत्राने मोडावा हे आम्ही सहन करायचे का, असा सवाल मी टाकला. दोन ज्येष्ठ सभासदांच्या डोळ्यांत पाणी आले. 'क्ष'वाले गृहस्थ मात्र शांतपणे म्हणाले, "शाळेत हजेरीला मी शेवटी. तोंडी परीक्षेला शेवटी, तोवर परीक्षक दमलेले असायचे. लस टोचायला शेवटी, बक्षीस घ्यायला शेवटी. साठ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला पुढे बोलावलंय. आता तेही तुम्हाला बघवत नाही का?"

सभेत शांतता पसरली. शेवटी असे ठरले, की प्रश्न तांत्रिक आहे, तेव्हा तो तज्ज्ञाकडे न्यावा. तज्ज्ञ म्हणजे अर्थातच माझा भाचा. आणि नेणारा मी.

मी त्याच रात्री फोन केला. पण चाळणी ठाऊक झाल्यामुळे मी हुशारी केली. सगळे रामायण न सांगता नेमका, छोटा, तांत्रिक प्रश्न विचारला. "एखाद्या नावाआधी न दिसणारं अक्षर टाकता येतं का रे? म्हणजे यादीत ते नाव आपोआप शेवटी जाईल असं?"

"कशासाठी?" त्याने विचारले.

"असंच. ज्ञानासाठी."

"मामा, तू जे विचारतोयस ते तुला नकोय. तुला दुसरंच काहीतरी हवंय आणि त्याच्यावर तू शोधून काढलेला उपाय मला विचारतोयस. मूळ प्रश्न सांग."

मी फोन ठेवला. हल्ली मोबाईलमध्ये एक बोलके यंत्र मिळते, त्याला काहीही विचारा. मी तेच त्याला विचारले. त्याने पाच सेकंदांत कृती सांगितली, वर 'आणखी काही मदत करू का?' असेही विचारले. कशासाठी, हे मात्र विचारले नाही. माझ्या खिडकीत कुणालाच उत्तर मिळत नसे, या खिडकीत सगळ्यांनाच मिळते. मला फार बरे वाटले. आणि मग, का कोण जाणे, थोडेसे वाईटही वाटले. ती कृती मी कागदावर लिहून घेतली, पण वापरायचा धीर झाला नाही.

रविवारी भाचा आला तेव्हा मी त्याला शेवटी यादीच दाखवली. त्याने काय केले, काय व्हायला हवे होते आणि काय झाले, हे मुकाट्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "हा बरा प्रश्न आहे."

मग त्याने सांगितले ते असे. यंत्राच्या पोटात 'क्ष' नावाचे स्वतंत्र अक्षरच नाही. तिथे आहे क, मग त्याचा पाय मोडल्याची खूण, मग ष. 'क्षत्रिय' हा शब्द आपण तीन अक्षरांचा म्हणतो, यंत्र तो आठ खुणांचा मोजते. क, पायमोड, ष, त, पायमोड, र, वेलांटी, य. तुम्हीही मोजून बघा. त्यामुळे 'क'ची सगळी बाराखडी संपली की मोडक्या पायाचा 'क' लंगडत येतो, आणि त्याच्या मागून 'ख'. बिचाऱ्या 'ळ'लाही त्यांनी शेवटून उचलून 'ल'च्या शेजारी नेऊन ठेवले आहे. 'ळ'ने सुरू होणारे आडनाव नाही म्हणून आमच्या सोसायटीत एक भांडण कमी.

"म्हणजे यंत्र चुकलं!" मी टाळी वाजवली.

"यंत्राला तुमचा क्रम कुणी सांगितला नव्हता. मराठीचा वेगळा क्रम सांगता येतो, तेवढं काम मी दहा मिनिटांत करून देईन. पण 'क्ष' शेवटी असावा की 'क'मध्ये, हे मी नाही ठरवणार. तो प्रोग्रॅमचा प्रश्न नाही, तो भाषेचा."

"आपोआप समजायला नको का यंत्राला? आपण चुकीचं दिलं तरी त्यानं बरोबर करून घ्यायला काय होतं?"

यावर तो खो खो हसला. चार्ल्स बॅबेज नावाच्या इंग्रज गृहस्थाने गेल्याच्या गेल्या शतकात हिशेबाच्या यंत्राचा घाट घातला होता. त्याने १८६४ साली आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवले आहे, की यंत्रात चुकीचे आकडे घातले तर उत्तरे बरोबर येतील का, असे त्याला पार्लमेंटच्या सभासदांनी दोन वेळा विचारले. एकदा वरच्या सभागृहातल्याने आणि एकदा खालच्या. असा प्रश्न पडायला डोक्यात कुठल्या प्रकारचा गोंधळ असावा लागतो, हे काही त्याला उमगले नाही. मला मात्र त्या दोघा सभासदांविषयी आपुलकी वाटली. आज मी मोबाईलवर चुकीचे शब्द टाइप करतो आणि तो ते न विचारता दुरुस्त करून टाकतो. बिचाऱ्यांचा प्रश्न काही तितका वेडगळ नव्हता. तो दीडशे वर्षे लवकर आला होता एवढेच.

भाषेचा प्रश्न म्हणून आम्ही दोघे दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंकडे गेलो. बाई शाळेत मराठी शिकवत असत. त्यांनी आम्हाला बसवले, चहा दिला आणि म्हणाल्या, "व्याकरणाने बघाल तर 'क्ष' हे जोडाक्षरच. क् अधिक ष. पाठ म्हणताना आपण त्याला शेवटी स्वतंत्र म्हणतो, ती आपली वहिवाट. तेव्हा वहिवाटीने तुम्ही बरोबर आणि व्याकरणाने यंत्र अगदीच चूक नाही. आता कुणाचं ऐकायचं, ते यादी कशासाठी आहे त्यावर. यादी कशासाठी आहे?"

हा 'कशासाठी' माझी पाठ सोडायला तयार नव्हता.

"पार्किंगसाठी," भाचाच म्हणाला.

"अगं बाई!" बाई म्हणाल्या. त्यांच्याकडे गाडी नसल्यामुळे त्यांनी नोटीस वाचलीच नव्हती. "मुळात आडनावावरून कशाला द्यायच्या जागा? 'अ'वाल्यांनी काय पुण्य केलंय?"

मी चहाच्या कपात बघत राहिलो. सभेत मी मराठीचा झेंडा घेऊन उभा राहिलो होतो, आणि झेंड्याच्या काठीला खाली माझी स्कूटर बांधलेली होती, हे त्या खोलीतल्या दोघांनाही दिसले होते. भाचा भला म्हणून काही बोलला नाही. पण जिन्यात म्हणाला, "मामा, तुझा हा एक प्रश्न नव्हताच. तीन होते. यादी अमक्या क्रमाने कशी लावायची, हा माझा. कुठला क्रम मराठीचा, हा बाईंचा. आणि जागा यादीप्रमाणे द्याव्यात का, हा तुमच्या सगळ्यांचा. तू तिन्ही एका पिशवीत घालून माझ्या दारात ठेवलेस."

"मग तू सरळ 'हे माझ्याकडचं नाही' म्हणून मोकळा का नाही झालास? तुझ्या चाळणीत बसत होतं."

"पहिल्या दिवशी म्हणालोच असतो. पण पिशवीत माझंही थोडं होतं ना."

हे वाक्य मला लागले. त्या रात्री मला झोप आली नाही.

प्रश्न परत पाठवणे हे पाप नाही, हे मला मान्य आहे. त्याला फार जुनी परंपरा आहे. बृहदारण्यक उपनिषदात जनकाच्या सभेत गार्गी याज्ञवल्क्याला विचारत जाते, हे कशात ओवलेले आहे, ते कशात ओवलेले आहे. ती पार ब्रह्मलोकापर्यंत पोचते तेव्हा याज्ञवल्क्य तिला अडवतो. हा अतिप्रश्न झाला, यापुढे विचारशील तर डोके गळून पडेल, असे बजावतो. 'ही खिडकी नव्हे' याची इतकी कडक आवृत्ती मलाही कधी जमली नव्हती. पण गोष्ट तिथे संपत नाही. गार्गी थोड्या वेळाने पुन्हा उठते, सभेची परवानगी घेते आणि तेच कोडे दोन नेमक्या प्रश्नांत बांधून पुढे ठेवते. या खेपेला याज्ञवल्क्य उत्तर देतो. ते उत्तर आहे 'अक्षर', म्हणजे जे कधी झिजत नाही ते. गंमत अशी, की त्याही शब्दात 'क्ष' आहेच.

मला त्या कथेत आवडते ते हे, की दुसऱ्यांदा उठलेल्या गार्गीला 'बाई, तुम्हाला मघाशीच सांगितलं ना' असे कुणी म्हटले नाही. प्रश्न परत गेला होता. विचारणारीला कुणी परत पाठवले नव्हते.

आणि मग मला ती म्हातारी आठवली. खरे तर ती मला अधूनमधून आठवतेच, पण मी तिला नेहमी सांगतो, 'ही वेळ नव्हे.'

पावसाळ्याचे दिवस होते. नऊवारी लुगडे, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. नवऱ्याच्या कागदावर नाव एक आणि तिच्या कागदावर दुसरे, असे काहीतरी होते. तिला नीट सांगता येत नव्हते. चाळणी लावायची तर एकाही छिद्रातून तो प्रश्न गेला नसता. काय केले, काय व्हायला हवे होते, काय झाले, यातले एकही वाक्य तिच्याकडे धड नव्हते. मी म्हटले, "ही खिडकी नव्हे, चार नंबर." चार नंबरने तिला पहिल्या मजल्यावर पाठवले. पहिल्या मजल्याने दुसऱ्या इमारतीत. पाच वाजायला पाच मिनिटे असताना ती पुन्हा माझ्यासमोर उभी. पदर भिजलेला. मी तोंड उघडणार एवढ्यात तीच म्हणाली, "साहेब, मग तुमच्या खिडकीत काय विचारायचं असतं तेवढं सांगा. मी तेच विचारते."

रागाने म्हणाली असती तर मला सोपे गेले असते. ती खरोखरच विचारत होती. दिवसभरात तिला एवढेच कळले होते, की बरोबर प्रश्न विचारला तर उत्तर देतात. तेव्हा तो बरोबर प्रश्न कुठला, एवढे तिला हवे होते.

मी म्हटले, "उद्या या." आणि खिडकी लावून घेतली.

ती दुसऱ्या दिवशी आली नाही. त्यानंतरही आली नाही. तिच्या पिशवीत माझ्या खिडकीचे काही होते का? थोडे नक्कीच होते. नाव दुरुस्तीचा छापील अर्ज माझ्याच खणात होता. पण तिने 'अर्ज द्या' असे म्हटले नव्हते, आणि म्हणाली नाही ते द्यायची आमची पद्धत नव्हती.

भाच्याची चाळणी खोटी आहे असे मी म्हणत नाही. ती नसती तर त्याचा जन्म मिक्सर दुरुस्त करण्यात गेला असता आणि ज्यांचे प्रोग्रॅम खरोखरच अडले आहेत त्यांना तो कधी मोकळाच सापडला नसता. पण चाळून झाल्यावर गव्हातले खडे आपण फेकून देतो, तसे माणसाला देता येत नाही, एवढे मला कळायला निवृत्त व्हावे लागले. भाच्याने प्रश्न नाकारला तरी 'कशासाठी?' असे एकदा विचारले. त्या एका शब्दाला माझ्या खिडकीत अर्धा मिनिटही लागले नसते.

पुढच्या सभेत मी पुन्हा उभा राहिलो. या खेपेला मराठीचे नाव काढले नाही. सरळ सांगितले, "माझी स्कूटर बाहेर गेली म्हणून मी ओरडलो. आडनावाप्रमाणे जागा देणं हेच चुकीचं आहे. आजवर मी आत होतो म्हणून मला ते दिसलं नाही." बाईंनी गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी आणले होते. जागा कमी पडल्या तर चिठ्ठ्या टाकून, वर्षावर्षाच्या बोलीने जागा द्याव्यात, अशी सोय त्यात आधीपासूनच होती. म्हणजे उत्तर आमच्याच कपाटात होते. योग्य खिडकीवर जाऊन ते कुणी मागितले नव्हते, इतकेच.

चिठ्ठ्या टाकल्या. बाईंच्या नातवाने डोळे मिटून एकेक उचलली. पहिलीच चिठ्ठी 'क्ष'वाल्यांची निघाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. ते गृहस्थ चक्क लाजले.

माझी चिठ्ठी बाविसावी निघाली.

हे असे का व्हावे, हा प्रश्न मला त्या दिवसापासून पडलेला आहे. भाच्याला विचारले, तो म्हणाला, हा संभाव्यतेचा प्रश्न, म्हणजे गणिताचा. बाई म्हणाल्या, नशिबाचा. ही म्हणाली, कर्माचा. तूर्त मी एक रबरी बदक विकत आणले आहे. रात्री जेवण झाल्यावर मी ते टेबलावर समोर ठेवतो आणि त्याला पहिल्यापासून सगळे सांगतो. अजून तरी त्याने 'ही खिडकी नव्हे' असे म्हटलेले नाही.